माड़ी, मांडी आणि गुडघा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आठवीतला एक छात्र संध्याकाळी लंगडत एम. आय. रूममध्ये आला. गाव बेमेतऱ्याकडचे, घरची बोली छत्तीसगढी. "सर, माड़ी पिराथे," एवढेच म्हणाला. ड्यूटीवर आमचे एक सहकारी होते, विदर्भातून नुकतेच आलेले. त्यांनी मलमाची ट्यूब उघडली आणि मुलाच्या मांडीला चोळायला सुरुवात केली. मुलगा शिस्तीचा. सर चोळताहेत म्हणजे काही कारण असेल, असे समजून गप्प बसला. मी आत आलो तेव्हा मांडी लालबुंद झाली होती आणि मुलगा बोटाने गुडघ्याखाली दाखवत होता.

छत्तीसगढीत माड़ी म्हणजे गुडघा. मराठीत मांडी म्हणजे गुडघ्याच्या वरचा भाग, आणि माडी म्हटले तर घराचा वरचा मजला! आपल्या रायपूरच्या मराठी घरांत आजी गुडघा म्हणते, नातू घुटना म्हणतो, शेजारीण माड़ी म्हणते. त्या दिवशी सगळे हसलो. पण नेमके कुठे दुखते आहे हे सांगता येणे ही सांध्यांच्या अभ्यासाची पहिली पायरी आहे, आणि ती चुकली तर काय होते हे मला स्वतःच्या गुडघ्यावरून ठाऊक आहे. त्याकडे शेवटी येतो.

दोन हाडे जिथे भेटतात तो सांधा. ती हललीच पाहिजेत असे नाही. डोक्याच्या कवटीची हाडे शिवण घातल्यासारखी एकमेकांत अडकलेली असतात. तान्ह्या बाळाची टाळू मऊ लागते, कारण या शिवणी अजून मिटलेल्या नसतात. मेंदू वाढायचा असतो. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शरीरातले २१० सांधे मोजले आहेत: हातापायांत ६८, धडात ५९ आणि मानेपासून वर ८३. त्यांचे चल आणि स्थिर असे दोन गट केले आहेत आणि आकारावरून आठ प्रकार पाडले आहेत. कवटीच्या सांध्याला तिथे शिवणीचेच नाव आहे, जबड्याच्या सांध्याला कावळ्याच्या चोचीचे आणि बगल व जांघ यांच्या सांध्याला उखळाचे. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातला 'उखळीचा सांधा' हा शब्द इतका जुना आहे. गंमत म्हणजे सुश्रुताने दातांनाही उखळीतच बसवले. आजचे शास्त्र दातांना वेगळे काढते, कारण ते नुसता आकार बघत नाही, दोन हाडांच्या मध्ये काय आहे तेही बघते.

मध्ये काय आहे, हाच खरा प्रश्न. रविवारी बाहेर जायची परवानगी मिळाली की भनपुरीच्या रस्त्याने चालताना ट्रकची गॅरेजे लागतात. गाडीखाली आडवा झालेला मिस्त्री ग्रीस गन लावून जुने काळे ग्रीस बाहेर ढकलताना पाहिला असेल. धातू धातूवर घासू नये म्हणून मध्ये ग्रीस. आपल्या हलत्या सांध्यांतही हाडावर हाड घासत नाही. हाडांच्या टोकांवर पांढरे, गुळगुळीत, थोडे दबणारे आवरण असते. त्याला कूर्चा म्हणतात. सांध्याभोवती पिशवी असते आणि पिशवीच्या आतल्या अस्तरातून अंड्याच्या पांढऱ्यासारखा चिकट द्रव पाझरतो. निरोगी गुडघ्यात हा द्रव एक चमचाही भरत नाही. तरीही बर्फावर बर्फ घसरावा त्याहून कमी घर्षणात तो सांधा फिरतो. बाहेरून अस्थिबंधांचे चिवट पट्टे हाडाला हाड बांधून ठेवतात आणि स्नायूंच्या टोकाच्या दोऱ्या, म्हणजे कंडरा, हाडे ओढतात.

पण ट्रकची उपमा इथेच सोडून द्यावी लागते. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. मग तिला अन्न कोण पुरवते? तोच द्रव. पाऊल टाकले की कूर्चा स्पंजासारखी दबते आणि आतला द्रव बाहेर येतो. पाऊल उचलले की ती फुगते आणि ताजा द्रव आत शोषते. म्हणजे सांधा चालवला तरच त्याला जेवण मिळते. उभा राहिलेला ट्रक फारसा झिजत नाही. पडून राहिलेला सांधा मात्र उपाशी राहतो. दुसरा फरक याहून मोठा. ट्रकचा बुश गेला तर मिस्त्री तासाभरात नवा ठोकतो. कूर्चा एकदा फाटली, तर ती पूर्वीसारखी भरून येत नाही. तिच्यात संवेदनेचे तंतूही नाहीत, म्हणून झीज सुरू होते तेव्हा ती स्वतः ओरडत नाही. दुखू लागते ते भोवतालचे अस्तर, अस्थिबंध आणि खालचे हाड.

आता परेड ग्राउंडवर चला. तुमची रोजची कवायत म्हणजे सांध्यांचा चालता-बोलता पाठ आहे.

'दाहिने देख' म्हटल्यावर मान फिरते. मानेत सात मणके आहेत, पण मान वळण्याचे जवळजवळ निम्मे काम वरचे दोघेच करतात. दुसऱ्या मणक्यातून वर एक खुंटी निघते आणि पहिला मणका कड्यासारखा त्या खुंटीभोवती फिरतो. जात्याची तळी आणि खुंटा आठवा. हा खिळीचा सांधा. दुसरा असाच सांधा तुमच्या हातात आहे आणि सॅल्यूट करताना रोज वापरता. कोपर नुसते बिजागरी असते तर हात फक्त दुमडला आणि उघडला असता. पण हाताच्या पुढच्या भागात दोन हाडे आहेत. करंगळीकडचे हाड कोपराला बिजागरीसारखे पकडून राहते आणि अंगठ्याकडचे हाड त्याच्याभोवती लोळते. एका हाताने दुसऱ्या हाताचा पुढचा भाग धरा आणि तळवा उलटसुलट करा. हाड बोटांखाली लोळताना कळेल. सेनेच्या सॅल्यूटमध्ये तळवा समोर दिसतो, नौदलाच्या सॅल्यूटमध्ये तो खाली वळलेला असतो आणि वायुसेनेने २००६ पासून या दोन्हींच्या मधला, ४५ अंशांचा सॅल्यूट स्वीकारला. तिन्ही दलांच्या सॅल्यूटमधला हा फरक मुख्यतः त्या एका लोळणाऱ्या हाडाचा आहे.

खांदा सर्वांत मोकळा सांधा. पुस्तकात त्याला उखळीचा म्हणतात. मी वर्गात 'बशीचा' म्हणतो. दंडाच्या हाडाचे गोल डोके मोठे आणि ते ज्यात बसते ती खळगी उथळ, लहान. एका वेळी डोक्याचा जेमतेम तिसरा हिस्सा तिला टेकलेला असतो. म्हणूनच हात पुढे, मागे, वर, गोल सगळीकडे जातो, आणि म्हणूनच मोठ्या सांध्यांमध्ये सर्वांत जास्त वेळा निखळतो तोही खांदाच. चार छोटे स्नायू चारही बाजूंनी त्या डोक्याला बशीत दाबून धरतात. जोडीदाराच्या पाठीवरच्या फऱ्यावर हात ठेवा आणि त्याला हात बाजूने वर न्यायला सांगा. थोड्याच वेळात फराही सरकू लागतो. कानाजवळ हात पोहोचेपर्यंतच्या १८० अंशांपैकी साधारण १२० अंश खांद्याच्या गोळ्यात आणि ६० अंश फऱ्याच्या सरकण्यात होतात. निखळलेला खांदा मैदानावर ओढून बसवायचा नाही. मित्रानेही नाही, उस्तादांनीही नाही. शेजारून मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या जातात. झोळीत हात अडकवून डॉक्टरांकडे न्यायचे.

खुबा मात्र खरा उखळ. मांडीच्या हाडाचे डोके त्यात खोल रुतलेले. त्याच्या समोर शरीरातला सर्वांत बळकट अस्थिबंध आहे. सरळ उभे राहिले की तो ताणला जातो आणि धड मागे पडू देत नाही, म्हणून उभे राहायला आपल्याला फार जोर लावावा लागत नाही. एक प्रयोग करा. गुडघा वाकवून मांडी छातीकडे उचला, सहज येते. आता गुडघा ताठ ठेवून तेवढाच पाय उचला. अडला ना? हाड तेच, सांधा तोच. अडवले ते मांडीच्या मागच्या स्नायूने, कारण तो खुबा आणि गुडघा या दोन्ही सांध्यांवरून जातो. दोन्हीकडे एकदम ताणायला त्याची लांबी पुरत नाही. "माझे हाडच कडक आहे, सर," असे जे म्हणतात त्यांनी हा प्रयोग दोनदा करावा.

मल्लखांब पाहिला की हे सगळे एकाच जागी दिसते. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी ही विद्या पुन्हा उभी केली, असे परंपरा सांगते. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने तिथे आपल्या व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखवली. आणि आज मल्लखांब बघायला महाराष्ट्रात जायलाच हवे असे नाही. आपल्याच राज्यातल्या नारायणपूरची, अबूझमाडची मुले २०२३ मध्ये 'इंडियाज गॉट टॅलेंट' जिंकून आली. त्यांना पाहून पालक म्हणतात, यांना हाडेच नाहीत! हाडे आहेत, तुमच्या-आमच्याइतकीच. अढी मारताना पायांची जी पकड बसते ती गुडघ्याची नव्हे. मांडीच्या आतले स्नायू खुब्यापासून दोन्ही पाय आत ओढतात, तेव्हा एरंडेल लावलेल्या खांबावरही माणूस टिकतो. बगलीत खांब काखेत आवळला जातो. तिथे छातीचे आणि पाठीचे मोठे स्नायू दंड धडाकडे खेचतात, नाहीतर आपला बशीतला खांदा केव्हाच सुटला असता. लहानपणापासून रोज थोडे थोडे ताणल्याने त्यांचे स्नायू लांबले आहेत. मुख्य गोष्ट ही की जिथवर सांधा जातो तिथवर तो सांभाळायची ताकदही त्यांनी कमावली आहे. नुसता लवचीक आणि ताकद नसलेला सांधा हे भूषण नाही. तो घसरतो.

आता गुडघा. याच्याबद्दल पुस्तकात 'बिजागरीचा सांधा' एवढेच लिहून पुढे जातात, ते मला पटत नाही. मांडीच्या हाडाची दोन गोल टोके नडगीच्या जवळजवळ सपाट माथ्यावर ठेवलेली असतात. ना उखळ, ना खाच. हाडांचा आकार त्याला सांभाळत नाही. सांभाळतात ते अस्थिबंध. दोन बाजूंना दोन, आणि आत फुलीसारखे एकमेकांना छेदणारे दोन. सपाट माथ्यावर चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात. त्या गोल टोकांना थोडी बैठक देतात आणि धक्का पसरवतात. पुढे वाटी. ती कप्पीचे काम करते: मांडीच्या पुढच्या स्नायूची दोरी तिच्यावरून जाते, त्यामुळे पाय सरळ करायला कमी जोर लागतो.

खुर्चीवर बसा, गुडघा वाकलेला ठेवा आणि टाच जमिनीवर टेकवून चवडा आत-बाहेर फिरवा. नडगी थोडी फिरते. आता पाय पूर्ण सरळ करा. गुडघ्यातले ते फिरणे बंद! जे फिरते ते खुब्यातून. गुडघा सरळ होताना शेवटच्या काही अंशांत हाडे एकमेकांवर थोडी वळतात आणि स्क्रू आवळावा तसा सांधा घट्ट होतो. 'सावधान'मध्ये उभे राहता तेव्हा हे कुलूप लागलेले असते. वाकवायच्या वेळी गुडघ्यामागचा एक छोटा स्नायू आधी ते उघडतो.

कुलूप कामाचे आहे, पण त्याचा एक तोटा प्रत्येक स्वातंत्र्यदिनाच्या तालमीत दिसतो. कोणीतरी चक्कर येऊन पडतो. पायांतले रक्त हृदयाकडे परत ढकलायला पोटऱ्या मदत करतात. त्या आकुंचल्या की रक्त वर जाते. ताठ, निश्चल उभे राहिले की पोटऱ्या थांबतात, रक्त खाली साचते आणि मेंदूला कमी पडते. उपाय उस्तादांना माहीत आहे: बुटाच्या आत बोटे आवळा-सोडा, गुडघे एका केसाने ढिले ठेवा, सकाळी पाणी पिऊन या. बाहेरून काहीच दिसत नाही.

घोटा आणि अंगठा थोडक्यात. घोट्याची बिजागरी पाऊल फक्त वर-खाली करते. पाऊल आत-बाहेर कलते ते तिच्या खालच्या सांध्यामुळे, आणि पाय मुरगळतो तो बहुधा आत वळून, बाहेरच्या बाजूचा अस्थिबंध ताणून. अंगठ्याच्या बुडाशी खोगिरासारखा सांधा आहे. त्याच्यामुळे अंगठा प्रत्येक बोटाला भेटतो आणि रायफल धरता येते. बोटे मोडण्याची भीती पालकांनी सोडावी. तो 'कट' आवाज द्रवातल्या वायूच्या बुडबुड्यांचा असतो. डोनाल्ड उंगर या अमेरिकन डॉक्टरांनी साठ वर्षांहून अधिक काळ एकाच हाताची बोटे मोडली, दुसऱ्या हाताची नाही, आणि दोन्ही हातांत फरक पडला नाही. त्यांना २००९ मध्ये त्यासाठी इग नोबेल हे विनोदी पारितोषिकही मिळाले. पण परेडमध्ये बोटे मोडली तर शिक्षा वेगळ्या कारणासाठी होईल.

पालक मला आणखी एक विचारतात: मुलाचे पाय सपाट आहेत, गुडघे एकमेकांना लागतात, वैद्यकीय तपासणीत काय होईल? मुलाला चवड्यांवर उभे करा. तळपायाची कमान उमटली, पाऊल लवचीक असले, धावताना दुखत नसले, तर तेवढ्यासाठी सहसा अडत नाही. गुडघे जुळवून उभे राहिल्यावर आतल्या घोट्यांमध्ये अंतर राहते. मुलांसाठी ५ सेंटिमीटरपर्यंत चालते, असा नेहमीचा निकष आहे. तरी त्या-त्या वर्षीची अधिसूचना वाचावी.

आता माझा गुडघा. मी एकोणीस वर्षांचा होतो, कॉलेजच्या कबड्डी संघात. चढाईत पाऊल जमिनीत रोवलेले, पकड बसली आणि अंग एकटे वळले. गुडघ्यात 'टक्' असा आवाज आला. मी तो ऐकला. संध्याकाळपर्यंत गुडघा नारळाएवढा सुजला. ओळखीच्या हाडवैद्याने गरम तेलाने रगडला, फिरवून 'बसवला'. पंधरा दिवसांनी सूज उतरली. कोणीतरी म्हणाले, खेळाडूला एवढे दुखणारच. आणि ते मला आवडले, कारण मलाही खेळायचेच होते. पुन्हा उतरलो. दोन सामन्यांत गुडघा तीनदा खालून निसटला. आतला फुलीचा अस्थिबंध पहिल्याच दिवशी तुटला होता. चंद्रकोरीची गादी मी पुढच्या पंधरवड्यात स्वतः फाडली. पुढच्या वर्षी सेनेच्या भरतीत लेखी पास झालो. वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांनी नडगी धरून पुढे ओढली, ती सरकली, आणि त्यांनी कागद बाजूला ठेवला. मी शिक्षक झालो. त्याचे दुःख नाही. पण त्या दिवशी संध्याकाळची सूज काय सांगते हे मला कोणी शिकवले असते तर बरे झाले असते.

ती सूज सांगते ती गोष्ट अशी. मुरगळल्यावर काही तासांतच सांधा भरून आला, तर आत बहुधा रक्त साचले आहे, म्हणजे काहीतरी तुटले आहे. दुसऱ्या दिवशी आलेली सूज बहुधा हलकी असते. गुडघा पूर्ण सरळ होत नसेल, मध्येच अडकत असेल, चालताना निसटत असेल, पायावर भार टाकता येत नसेल, किंवा मार लागलेला नसताना सांधा गरम होऊन ताप आला असेल, तर त्याच दिवशी एम. आय. रूममध्ये नाव लिहा. पहिले दोन दिवस शेक नाही, मालीश नाही. बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे, पट्टी, पाय उशीवर. व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी मांडी आणि पोटरी दुखते, दोन्ही पायांची सारखी दुखते, हालचालीने मोकळी होते. ते स्नायूंचे दुखणे. त्याचे नाव लिहू नका, धावा. एका बोटाने दाखवता येते, एकाच बाजूला असते आणि भार टाकला की वाढते, त्या दुखण्याला स्नायूंचे समजू नका.

आठवीतल्या त्या छात्राने एका बोटाने दाखवले होते. वाटीच्या खाली, नडगीच्या माथ्यावर, जिथे मांडीच्या स्नायूची दोरी हाडाला जोडलेली असते, तिथे लहानसे टेंगूळ होते. दाबले की तो ओठ चावायचा. तुमच्या वयात हाडाच्या टोकांजवळ वाढीची मऊ जागा असते आणि ती दोरीइतकी बळकट नसते. वर्षभरात उंची झपाट्याने वाढली, त्यात धावणे आणि उड्या. दोरी तिथेच ओढत राहते आणि जागा दुखरी होते. १९०३ मध्ये बोस्टनचे ऑसगुड आणि झुरिकचे श्लॅटर या दोन डॉक्टरांनी हे वेगवेगळे ओळखले, म्हणून दोघांचे नाव त्याला आहे. हाड भरले की ते आपोआप थांबते. पण तो मुलगा तीन आठवडे गप्प होता. क्रॉस कंट्री जवळ आली होती आणि त्याला वाटले, सांगितले तर नाव कापतील.

नाव कापले. डॉक्टरांनी दोन महिने उड्या, लांब धावणे आणि गुडघ्यावर बसणे बंद केले, मांडीचे ताण देणारे व्यायाम रोज ठेवले, पोहणे चालू ठेवले. त्या वर्षीची क्रॉस कंट्री त्याने पाण्याच्या टेबलावर ग्लास भरत पाहिली. यंदा नववीत तो कंपनीच्या पहिल्या पाचांत आला. टेंगूळ अजून आहे. दुखत नाही. आमचे ते सहकारी आता कोणीही 'माड़ी' म्हटले की आधी विचारतात, "बोट ठेवून दाखव."